अर्धशिशी घराण्यातून येते म्हणजे नेमकं काय येतं?

चिरेखाण | मंगळवार, रात्री ९:१०

गणपतीत घरं भरतात आणि माजघरात दोघी-तिघी तरी कपाळाला फडकं आवळून बसलेल्या असतात. कोणीतरी म्हणतंच, "आमच्या घराण्यातच आहे हे." यंदा भर म्हणून चाकरमान्यांच्या मोबाइलवर थुंकीतून जनुकं तपासून देणाऱ्या जाहिराती आल्या. "अर्धशिशीचं जनुक असेल तर कळेल का?" हा प्रश्न इथल्या तीन वेगळ्या धाग्यांत विचारला गेला आणि तिन्ही ठिकाणी वाहून गेला. म्हणून हा वेगळा धागा.

अर्धशिशीचं एक असं जनुक नाही. जुळ्यांच्या अभ्यासांतून आनुवंशिकतेचा वाटा साधारण ४० ते ६० टक्के निघतो. या आकड्याचा अर्थ बहुतेक जण उलटा लावतात. "आईला आहे म्हणजे मुलीला ५० टक्के होणार" असं त्यातून निघत नाही. एखाद्या लोकसमूहात कोणाला त्रास होतो, कोणाला होत नाही, या फरकातला इतका भाग जनुकांच्या फरकाने समजावता येतो, एवढंच तो सांगतो. एका माणसाबद्दल तो काहीच सांगत नाही.

ही जनुकं शोधताना अर्धशिशी असलेल्यांचा आणि नसलेल्यांचा सगळा जनुकसंच चाळून डीएनएची कुठली अक्षरं जास्त वेळा वेगळी पडतात ते पाहतात. असा पहिला मोठा शोध २०१० साली लागला, आठव्या गुणसूत्रावरची एक जागा. २०१६ मध्ये जवळपास ६०,००० रुग्ण घेऊन ३८ जागा सापडल्या, तर २०२२ मध्ये १ लाख २ हजार रुग्ण आणि ७ लाख ७१ हजार इतर माणसं तपासून १२३. या प्रत्येक जागेचा परिणाम मात्र चिमूटभर, धोका फार तर काही टक्क्यांनी इकडेतिकडे. हे असले शेकडो चिमूटभर फरक एका माणसात कसे जमून आलेत त्यावर त्याची 'पातळी' ठरते.

खाडीचं पाणी अडवणारा खारजमिनीचा बांध डोळ्यांसमोर आणा. जनुकांतून बांधाची उंची येते. भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरतीला बुटका बांधही टिकतो. उधाण, वारा आणि पाऊस एकाच रात्री आले की पाणी त्याच्यावरून जातं, शेजारचा उंच बांध कोरडा राहतो. पाणी आत आलं ते उधाणामुळे की बांधामुळे, यावर भांडून उपयोग नाही.

याला अपवाद असलेली काही मोजकी घराणी असतात. त्यांच्यात एकाच जनुकात मोठा बिघाड असतो, म्हणजे बांध बुटका नसून उघाडीचं, बांधातून पाणी सोडायच्या वाटेचं, दारच मोडलेलं. त्याबद्दल खाली सविस्तर लिहितो. डॉक्टर मंडळींनी चुका काढाव्यात.

---

उघाडी | मंगळवार, रात्री ९:४८

नावामुळे बोलावणं आल्यासारखं वाटलं.

बांधाचं उदाहरण चांगलं आहे, पण बांधाची उंची कायम राहत नाही. दोन रात्री जागरण झालं, पाळी तोंडावर आली, जेवण चुकलं की तोच बांध खचतो. आणि आपण ज्याला 'कारण' म्हणतो ते पुष्कळदा सुरू झालेल्या झटक्याचंच पहिलं लक्षण असतं. डोकं दुखायच्या आधी काही तास, कधी आदल्या दिवसापासून जांभया येतात, मान आखडते, गोड खावंसं वाटतं, उजेड बोचायला लागतो. मग माणूस म्हणतो, "पुळणीवर उन्हात गेलो म्हणून डोकं धरलं." खरं तर झटका सुरू झाला होता म्हणूनच पाण्यावरची तिरीप सहन झाली नव्हती. डायरी ठेवताना आदल्या दिवसाची नोंदही ठेवा, नाहीतर बिचाऱ्या आंब्यावर आळ येतो.

डोळ्यांपुढे नागमोडी चमक येते त्यामागे मेंदूच्या पृष्ठभागावरून सरकणारी एक लाट असते. वेग मिनिटाला साधारण ३ मिलिमीटर. आधी पेशी उत्तेजित होतात, मागोमाग थंडावतात. १९४४ मध्ये लेआँव या ब्राझिलियन शास्त्रज्ञाने ती प्रथम नोंदवली. एका जनुकाच्या बिघाडाची तीन प्रसिद्ध उदाहरणं आहेत, तिन्ही याच लाटेकडे बोट दाखवतात.

---

दापोली_ओपीडी | मंगळवार, रात्री १०:३०

धागा चांगला. माझा मुद्दा जनुकांच्या आधीचा आहे. आपल्याकडे वंशावळ काढतानाच घोटाळा होतो, कारण कोकणात अर्धशिशीला अर्धशिशी म्हणत नाहीत, 'पित्त' म्हणतात.

"घरात कोणाला अर्धशिशी आहे?" उत्तर येतं, नाही. "आईला पित्ताचा त्रास?" हो, महिन्यातून दोनदा, अंधार करून पडते, उलटी झाली की बरं वाटतं. हे वर्णन अर्धशिशीचं आहे. उलटी हे झटक्याचं लक्षण असतं, पण लोक ते मूळ समजतात आणि वर्षानुवर्षं आम्लपित्ताच्या गोळ्या घेतात. निम्मी वंशावळ अशीच पुसली जाते.

म्हणून रोगाचं नाव घेऊ नका, वर्तन विचारा:

– डोकं दुखतं तेव्हा काम चालू ठेवता की पडून राहावं लागतं? जिना चढला, वाकलं की वाढतं का?
– कांदा फोडणीला टाकल्याचा किंवा सुकटीचा वास तेव्हा सोसतो का? उजेड, टीव्हीचा आवाज?
– गोळी न घेता किती तास चालतं? (४ ते ७२ तास हे निकषात बसतं, लहान मुलांत २ तासही.)
– दुखण्याआधी नजरेत चमक, नागमोडी रेघ, आंधळा ठिपका, हाताला मुंग्या येतात का? हळूहळू पसरतं की एकदम येतं? ५ ते ६० मिनिटांत ओसरतं का?
– कधी एका बाजूचा हातपाय लुळा पडला का?
– लहानपणी घाटात गाडी लागायची का? शाळेच्या वयात अधूनमधून पोटात कळा आणि उलट्या यायच्या आणि मध्ये मूल अगदी ठणठणीत असायचं का?

शेवटच्या प्रश्नाला लोक हसतात. पण ठरावीक काळाने येणाऱ्या उलट्या आणि पोटातली अर्धशिशी ही दोन्ही दुखणी डोकेदुखीच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात अर्धशिशीशी संबंधित म्हणून नोंदलेली आहेत. करूळ घाटात पिशवी धरून बसणारं पोर पुढे अर्धशिशीचा रुग्ण होईलच असं नाही, पण वंशावळीत त्याच्या नावापुढे खूण करून ठेवावी.

तीन पिढ्या घ्या. बायकांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन, त्रास असेल तर भरीव. प्रत्येकापुढे सुरू झालं तेव्हाचं वय, चमक होती का, लुळेपणा होता का, पक्षाघात झाला असल्यास कितव्या वर्षी, एवढंच लिहा. माहेर आणि सासर दोन्हीकडचं. मुंबईला गेलेल्या काकांना फोन करून विचारा, त्यांना वगळू नका. इतकी माहिती हातात असेल तर बहुतेकांना जनुक तपासणीची गरजच उरत नाही.

---

वेंगुर्लेकरीण | बुधवार, सकाळी ७:०५

डॉक्टर, तुमी बरां लिवलास! 'पित्त' ह्या शब्दाखाली आमच्या भागात निम्मी दुखणी झाकली जातात.

एक शंका. आई, आजी, पणजी असं बायकांच्याच फांदीने येताना दिसतं. मग हे आईकडून येणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातून येतं का? की एक्स गुणसूत्रावरून?

---

चिरेखाण | बुधवार, सकाळी ८:२०

बायकांच्या फांदीने येताना दिसतं, कारण दिसतातच बायका. अर्धशिशी बायकांमध्ये पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आढळते. मुलगे-मुली दोघांनाही वारसा सारखाच जातो, पण मुलीत तो उघड व्हायची शक्यता जास्त. बापाने आपल्या आईकडून घेतलेला बुटका बांध तो स्वतः आयुष्यभर कोरडा ठेवतो आणि लेकीला देतो. मग घरात म्हणतात, "हिला कुठून आलं? आईला तर नाही." आजी-नात साखळीत मधला कोरडा बाप हमखास सापडतो.

वयात येण्याआधी मुलगे-मुलींत एवढा फरक नसतो, तो पाळी सुरू झाल्यावर उघडतो. पाळीच्या तोंडावर इस्ट्रोजेन झपकन उतरतं तेव्हा झटका येतो. एक्स गुणसूत्रावरची पहिली जागा २०१६ च्या त्याच अभ्यासात सापडली, पण तीही इतरांसारखीच चिमूटभर. सगळा फरक तिच्याने भरून निघत नाही.

मायटोकॉन्ड्रियाचे काही दुर्मीळ आजार खरोखर आईकडूनच येतात आणि त्यांत अर्धशिशीसारखी डोकेदुखी असते. मेलास हा त्यातला ओळखीचा. पण त्यात नुसती डोकेदुखी नसते. कमी उंची, बहिरेपण, मधुमेह, फिट्स, तरुण वयात पक्षाघातासारखे झटके असा गोतावळा असतो. आईच्या फांदीवर बहिरेपण आणि मधुमेह दोन्ही असतील तर डॉक्टरांना मुद्दाम सांगा. एरवी तो विचार नको.

---

तिरफळ | बुधवार, सकाळी ११:४०

'एका पालकाला असेल तर ५० टक्के, दोघांना असेल तर ७५' हे व्हॉट्सॲपवर फिरतंय. यात कितपत दम आहे?

---

चिरेखाण | बुधवार, दुपारी १:१५

सरधोपट आहे. चांगला आकडा १९९५ च्या डॅनिश अभ्यासातला. चमक नसलेल्या अर्धशिशीच्या रुग्णाच्या आईवडील, भावंडं, मुलं यांच्यात त्याच प्रकाराचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १.९ पट. चमक असलेल्या प्रकारात तो ३.८ पट. म्हणजे चमकेचा प्रकार घराण्याला जास्त धरून राहतो.

पण हे १.९ घेऊन आपल्याकडे गुणाकार करत बसू नका. कर्नाटकात बेंगळुरू आणि आसपासच्या खेड्यांत घरोघर फिरून झालेल्या पाहणीत वर्षभरात अर्धशिशी झालेल्यांचं प्रमाण २५.२ टक्के निघालं. जगाची सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास धरतात. जो आजार दर चारांत एकाला आहे, तो मोठ्या कुटुंबात चार जणांना निव्वळ योगायोगानेही असू शकतो. भरलेलं घर म्हणजे एकाच जनुकाचा बिघाड, हा निष्कर्ष इथेच कोसळतो.

आता मोडलेल्या उघाडीबद्दल. लुळेपणासह येणारी कौटुंबिक अर्धशिशी. डेन्मार्कमध्ये लुळेपणाच्या अर्धशिशीचं, घराण्यातली आणि एकट्यादुकट्याची मिळून, प्रमाण दहा हजारांत एक निघालं. तीन मुख्य जनुकं:

सीएसीएनए१ए, १९ वं गुणसूत्र, १९९६ मध्ये सापडलं. चेतापेशीच्या टोकाशी कॅल्शियम आत सोडणारं दार. बिघाडाने ते सहज उघडतं, ग्लुटामेट हे पेशींना चेतवणारं रसायन जास्त सांडतं.
एटीपी१ए२, पहिलं गुणसूत्र, २००३. चेतापेशींची निगा राखणाऱ्या ॲस्ट्रोसाइट पेशींमधला सोडियम-पोटॅशियमचा पंप. तो अर्धवट चालतो, त्यामुळे सांडलेलं पोटॅशियम आणि ग्लुटामेट उपसलं जात नाही.
एससीएन१ए, दुसरं गुणसूत्र, २००५. सोडियमचं दार, मुख्यतः इतर पेशींना आवर घालणाऱ्या चेतापेशींतलं. त्या अति चालल्या की बाहेर पोटॅशियम साचतं.

बिघडलेल्या वस्तू तीन, पण शेवट एकच: लाट सहज उठते. पहिल्या जनुकातला एस२१८एल हा बदल असेल तर डोक्याला किरकोळ मार लागूनही मेंदूला जीवघेणी सूज येऊ शकते. असं घराणं सापडलं तर पोराला कबड्डीला पाठवायचं का, हा खरा वैद्यकीय प्रश्न असतो.

हा वारसा प्रभावी पद्धतीचा, म्हणजे मुलाला बिघाड मिळण्याची शक्यता दर वेळी निम्मी. इथे मात्र ५० टक्के हा आकडा खरा आहे. व्हॉट्सॲपवाल्यांनी तो इथूनच उचलला असावा असा माझा कयास.

---

दापोली_ओपीडी | बुधवार, दुपारी ३:०२

यात माझी ठळक ओळ. एक बाजू लुळी पडली, तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, तर घराण्यात अर्धशिशी असो वा नसो, तो पक्षाघात समजून निघायचं. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. गावातून हमरस्त्याला यायला पाऊण तास, तिथून सीटी स्कॅन असलेल्या रुग्णालयापर्यंत आणखी एक-दीड. "आत्येला पण असंच व्हायचं, झोपली की उतरेल" म्हणत बसलात तर वेळ संपते. १०८ ला फोन करा आणि शेवटचं ठीक कधी पाहिलं होतं ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या.

फरक असा: अर्धशिशीतली मुंगी बोटांपासून दंडाकडे, मग गालाकडे मिनिटामिनिटाने चढते. पक्षाघात सहसा एका क्षणात येतो. पण पहिल्या झटक्याला हा फरक घरी ठरवायचा नाही.

---

खाडीपलीकडे | बुधवार, सायंकाळी ६:३०

लॅबच्या बाजूने लिहितो. जनुक तपासणीचे नमुने इथून मुंबई-पुण्याला आणि तिथून पुढे जातात. नाकारले जातात ते बहुतेक वेळा साध्या चुकांनी.

जांभळ्या टोपीची, ईडीटीएची नळी. मोठ्यांचं ३ ते ४ मिली रक्त पुरतं. हिरव्या टोपीची हेपरिनची नळी चालत नाही, हेपरिन पुढे डीएनएच्या प्रती काढायच्या पीसीआर चाचणीत अडथळा आणतं. रक्त घेतल्या घेतल्या नळी ८-१० वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची. खळखळून हलवायची नाही. हे विसरलं की बारीक गुठळ्या होतात आणि डीएनए कमी निघतो.

गोठवायचं नाही. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात, २ ते ८ अंशांत ठेवायचं. बर्फाची पिशवी नळीला थेट चिकटवायची नाही, मध्ये कापूस किंवा पुठ्ठा. शनिवारी दुपारी घेतलेला नमुना सोमवारपर्यंत कुरिअरच्या पत्र्याच्या शेडमध्ये पडतो, ऑक्टोबरात तिथे भट्टी असते. सोमवार ते बुधवारातच घ्या. पावसाळ्यात लेबलची शाई उतरते, म्हणून बॉलपेनने लिहून वर पारदर्शक टेप. नाव, वय, तारीख नळीवर आणि फॉर्मवर अक्षरशः सारखं. एकीकडे माहेरचं आडनाव, दुसरीकडे सासरचं, एवढ्यानेही नमुना अडकतो.

अलीकडे रक्त चढवलं असेल तर ते फॉर्मवर लिहायचं.

आणि फॉर्मबरोबर वंशावळ जोडा. 'मायग्रेन' एवढ्या एका शब्दावर लॅब काय शोधणार? 'उजव्या बाजूचा लुळेपणा ४० मिनिटं, वडील व आत्या यांना तसेच' असं लिहिलं तर अहवाल वाचणाऱ्याला दिशा मिळते.

---

उघाडी | बुधवार, रात्री ८:१५

पुरवणी. सीएसीएनए१ए याच जनुकात सीएजी ही तीन अक्षरं जास्त वेळा पुनरावृत्त झाली तर तोल जाण्याचा एक वेगळा आजार होतो (एससीए६). नेहमीच्या सिक्वेन्सिंग पॅनेलमध्ये, म्हणजे ठरावीक जनुकं एकदम वाचणाऱ्या चाचणीत, ही लांबलेली पुनरावृत्ती निसटू शकते. घराण्यात चाल बिघडलेली, बोलणं अडखळणारं माणूस असेल तर ती चाचणी वेगळी मागावी लागते. 'पॅनेल स्वच्छ आलं' यावर थांबू नये.

---

तिरफळ | बुधवार, रात्री ९:३३

आणि थुंकीच्या किटचं काय? ते लोक म्हणतात, तुमचा 'मायग्रेन स्कोअर' सांगतो.

---

चिरेखाण | बुधवार, रात्री १०:५०

स्कोअर म्हणजे त्या शेकडो चिमटींची बेरीज. बेरीज करता येते, भविष्य सांगता येत नाही. सगळ्या सामान्य बदलांनी मिळून समजावला जाणारा वाटा १० ते १५ टक्क्यांच्या आसपास येतो, जुळ्यांच्या अभ्यासातल्या ४०-६० पेक्षा बराच कमी. शिवाय यादी ज्या माणसांवरून केली ती मुख्यतः युरोपीय वंशाची. तिथे जी खूण खऱ्या बदलाच्या शेजारी असते ती आपल्याकडे शेजारी असेलच असं नाही. आंबोलीतल्या खुणा घेऊन आंजर्ल्यात वाट शोधण्यातला प्रकार.

जीनोमइंडिया प्रकल्पात भारतातल्या सुमारे १०,००० माणसांचे जनुकसंच वाचून झालेत, त्याने पाया तयार होईल. पण तो अर्धशिशीचा अभ्यास नव्हे.

'चांगलं जनुक, वाईट जनुक' ही भाषाही इथे फसते. सहाव्या गुणसूत्रावर पीएचएसीटीआर१ या जनुकात एक जागा आहे. तिथे ए अक्षर असलं तर अर्धशिशीचा आणि मानेतली धमनी चिरण्याचा धोका थोडा जास्त, जी असलं तर हृदयाच्या धमन्यांच्या आजाराचा. सांगा, कुठलं निवडाल?

टीआरपीएम८ तर माझं लाडकं. ही गारवा ओळखणारी प्रथिनाची झडप. पुदिन्यातलं मेन्थॉल हिलाच उघडतं, म्हणून बाम गार लागतो. या जनुकाजवळच्या एका जागी टी अक्षर असलेल्यांना अर्धशिशी जास्त होते. ते टी नायजेरियात सुमारे ५ टक्के आणि फिनलंडमध्ये ८८ टक्के आढळतं. थंडीत तगायला उपयोगी पडल्याने ते उत्तरेकडे वाढलं असावं, असा २०१८ च्या अभ्यासाचा तर्क आहे.

---

वेंगुर्लेकरीण | गुरुवार, सकाळी ७:२०

म्हणजे बाम चोळण्यात तथ्य आहे तर! पण घराण्यातच आहे म्हटल्यावर औषधाचा काय उपयोग, असं म्हणणारे औषधाच्या काउंटरवर रोज भेटतात. आणि तेच दर दोन दिवसांनी एर्गोटामाइन-कॅफिनची पट्टी मागतात.

---

दापोली_ओपीडी | गुरुवार, दुपारी २:४०

उलट आहे. २०२२ च्या यादीतल्या १२३ जागांत दोन अशा निघाल्या की त्यांची औषधं आधीच बाजारात होती. कॅल्का-कॅल्कबी, म्हणजे सीजीआरपी हे प्रथिन बनवणारी जनुकं, आणि एचटीआर१एफ, म्हणजे लास्मिडिटान हे औषध ज्या सेरोटोनिन ग्राहकावर काम करतं तो. जनुकशास्त्र आणि औषध दोन वेगळ्या वाटांनी एकाच दारात आले. २०१९ च्या एका डॅनिश अभ्यासात तर जास्त स्कोअर असलेल्यांना ट्रिप्टान या अर्धशिशीसाठीच्या गटाच्या गोळ्या अधिक लागू पडल्या. घराण्यात आहे म्हणजे औषध चालणार नाही, याला काही आधार नाही.

गोळी फसते ती वेळेमुळे. झटक्यात जठर मंदावतं, गोळी तिथेच पडून राहते. दोन तास सोसून, उलट्या सुरू झाल्यावर ५०० मिग्रॅ पॅरासिटामॉल घ्यायचं आणि "आम्हाला लागू पडत नाही" म्हणायचं. मोठ्या माणसाला सुरुवातीलाच १००० मिग्रॅ पॅरासिटामॉल, किंवा ४०० आयब्युप्रोफेन, किंवा ५०० नॅप्रोक्सेन. मळमळ असेल तर सोबत डॉम्पेरिडोन १० मिग्रॅ. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा डेंगीचा संशय असलेला ताप असेल तर आयब्युप्रोफेन, नॅप्रोक्सेन नको.

ट्रिप्टान चमकेच्या वेळी घेऊ नये, दुखायला लागल्यावर घ्यावी. हृदयविकार, पक्षाघात, आटोक्यात नसलेला रक्तदाब आणि लुळेपणाची अर्धशिशी यांत नाही. एर्गोटामाइन आणि ट्रिप्टान यांच्यात २४ तासांचं अंतर हवं. झटके टाळायला प्रोप्रानोलॉल चालू असेल तर रिझाट्रिप्टान ५ मिग्रॅच. दमेकऱ्याला प्रोप्रानोलॉल नाही. झटके टाळायचंच दुसरं औषध फ्लुनारिझिन रात्री ५ ते १० मिग्रॅ, पण वर्षानुवर्षं नको. उदासी आणि कंपवातासारखी लक्षणं येतात, वयस्करांत लवकर.

ताई, तुमच्या काउंटरसाठी मोजमाप: एर्गोटामाइन, ट्रिप्टान किंवा मिश्र गोळ्या महिन्यात १० दिवस, साधी वेदनाशामकं १५ दिवस. तीन महिन्यांहून जास्त काळ ही रेघ गाठली किंवा ओलांडली की गोळीच रोजची डोकेदुखी तयार करू शकते. मग पोरगी म्हणते, आईसारखंच माझंही रोज दुखतं. तिथे वारशात जनुकांबरोबर डब्यातली पट्टीही आलेली असते.

आशाताईंसाठी एक गोष्ट. चमक येणाऱ्या अर्धशिशीत माला-एन, माला-डी यांसारख्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या देऊ नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत हा चौथा वर्ग, म्हणजे सरळ नकार, कारण पक्षाघाताचा धोका. तंबाखू किंवा मशेरी असेल तर जास्तच सावध. तांबी किंवा छाया गोळी हे इस्ट्रोजेन नसलेले पर्याय उपकेंद्रात मिळतात.

हरतालिकेचा निर्जळी उपास, आदल्या रात्रीचा एसटीतला प्रवास आणि दुसऱ्या दिवशीचे मोदक, हे तिन्ही उधाण एकत्र येतात. उपास सोडा असं मी म्हणणार नाही. ज्यांना ठरून झटका येतो त्यांनी निदान प्रवास एक दिवस आधी करावा आणि चहाची वेळ पाळता येत नसेल तर आठवडाभर आधीपासून चहा कमी करत आणावा. कॅफिन अचानक तुटलं की त्याची वेगळी डोकेदुखी येते.

---

काजूबोंडू | गुरुवार, सायंकाळी ५:०५

मामाच्या मुलीशी लग्न ठरतंय आणि दोन्ही घरांत अर्धशिशी आहे, असा प्रश्न आला तर काय सांगावं?

---

चिरेखाण | गुरुवार, रात्री ९:००

अर्धशिशीसाठी लग्न मोडायचं कारण नाही. नात्यातल्या लग्नाने वाढतात ते मुख्यतः अप्रभावी पद्धतीचे आजार, ज्यात दोन्ही पालकांकडून तोच बिघाड यावा लागतो. थॅलेसेमियाची तपासणी करा, ती खरी उपयोगाची. अर्धशिशीत दोन्हीकडून चिमटी येतात, बांध जरा जास्त बुटका होऊ शकतो. दोन अनोळखी घराण्यांत दोघांना त्रास असला तरी थोडंफार तेच होतं.

---

दापोली_ओपीडी | गुरुवार, रात्री १०:१०

वंशावळीत एक नक्षी मात्र सोडू नका. चमकेची अर्धशिशी तिशीच्या आसपास नव्याने सुरू झाली, त्याच फांदीवर चाळिशी-पन्नाशीत रक्तदाब-मधुमेह नसताना पक्षाघात, पुढे विसर. हा कॅडासिल, मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्यांचा आनुवंशिक आजार, असू शकतो. जनुक नॉच३, १९ वं गुणसूत्र, वारसा प्रभावी. एमआरआयमध्ये कानशिलाजवळच्या खंडाच्या टोकाला पांढरे डाग दिसले तर संशय बळावतो. अशा घरात आधी आजारी माणसाची तपासणी करायची. ठणठणीत अल्पवयीन मुलांची करायची नाही. त्यांना आज देण्यासारखा उपाय नाही आणि जाणून घ्यायचं की नाही हे त्यांनी अठरानंतर ठरवायचं.

---

तिरफळ | शुक्रवार, सकाळी १०:१५

शेवटची शंका. अहवालात 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' आला तर? पॉझिटिव्ह धरायचं की निगेटिव्ह?

---

चिरेखाण | शुक्रवार, दुपारी १२:३०

दोन्ही नाही. त्यावर औषध बदलायचं नाही, नातेवाइकांना घाबरवायचं नाही. घरातल्या लुळेपणा असलेल्या आणि नसलेल्या दोघा-तिघांत तेवढी एकच जागा तपासून घ्यायची, सँगर पद्धतीने ते स्वस्तात होतं. त्रास असलेल्या आत्येत तो बदल नसेल तर संशय बराच उतरतो. सगळ्या आजारी माणसांत असेल आणि निरोगी काकांत नसेल तर वाढतो. पण काकांचं वय पाहा, बिघाड असूनही काहींना झटका कधीच येत नाही.

अहवालाची मूळ प्रत आणि नमुना क्रमांक जपून ठेवा. दोन वर्षांनी त्याच लॅबला तो क्रमांक देऊन वर्गीकरण बदललं का ते विचारायचं. रक्त पुन्हा द्यावं लागत नाही.

---

खाडीपलीकडे | शुक्रवार, दुपारी १:०५

आणि त्या प्रतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. गुळगुळीत कागदावरची छपाई आपल्या दमट हवेत दोन पावसाळ्यांत पुसट होते आणि पहिला जातो तो नमुना क्रमांकच.